माझा ईशान्य कोपरा

मी आंबुहिमेनाच्या टेकडीवरचा बंगला बोलतोय. सरकारी कागदावर माझं नाव 'राष्ट्राध्यक्षांचं डोंगरी निवासस्थान' असं भारदस्त आहे, पण गावात त्या नावाने मला कुणी ओळखत नाही. बाजारात भाजी विकणाऱ्या एखाद्या म्हातारीला विचारा, "अध्यक्षांचा बंगला कुठे आलाय?" ती म्हणेल, "कुठला? तो संडासवाला?"

साठ-पासष्ट वर्षं मी हे ऐकत आलो. आधी राग यायचा, मग वाईट वाटायचं, मग नुसतं ऐकून घ्यायची सवय झाली. गेल्या महिन्यात मात्र असं काही घडलं, की आता ते आठवून मला हसूच येतं. अंगावरचं मोठं ओझं उतरलं की माणसं बडबडी होतात. माझंही तसंच झालं आहे, तेव्हा ऐका.

माझा जन्म १९३४ सालचा. मादागास्करच्या मधल्या डोंगराळ मुलखात तेव्हा फ्रेंच साहेबांचं राज्य होतं. आमच्याकडे भाताची कापणी झाली आणि खाचरं सुकली, की त्याच खाचरातली माती कापून विटा पाडतात आणि तिथल्या तिथे भट्टी लावतात. माझी एकूण एक वीट अशी भाताच्या खाचरातून आलेली आहे. ओल धरली की माझ्या भिंतींना अजून शेताचा वास येतो. मोठमोठ्या लोकांनी तो घालवायला अत्तरं फवारली, पण तो काही गेला नाही.

दिसायला मी देखणा आहे, हे मीच सांगतो, कारण दुसरं कोण सांगणार? दोन मजले, पुढे विटांचे चार जाडजूड खांब, त्यांवर कोरीव लाकडी कठड्याची गॅलरी आणि वर टोपीसारखं उभट कौलारू छप्पर. आत शिसवी जिना आहे, सतरा पायऱ्यांचा. त्यातली नववी पायरी पहिल्या दिवसापासून कुरकुरते. चार सुतार आले आणि हात टेकून गेले.

माझं तोंड पश्चिमेला आणि लांबी दक्षिणोत्तर. आमच्याकडे घर असंच असतं. दार पश्चिमेला, चूल दक्षिणेकडे, पाहुण्याची जागा उत्तरेला आणि ईशान्येचा कोपरा वाडवडिलांचा. त्या कोपऱ्याकडे पाय करून कुणी झोपत नाही, तिथे खरकटं ठेवत नाही, तिथे उभं राहून कुणी भांडतसुद्धा नाही. घराची पहिली वीट त्या कोपऱ्यात बसते आणि ती बसवायला नावाजलेल्या घराण्यातला गवंडी मानाने बोलावतात.

माझा नकाशा काढणारे मस्यू ब्रेसाँ मनाने वाईट नव्हते. पश्चिमेकडची दरी संध्याकाळी सुंदर दिसते, म्हणून त्यांनी माझं तोंड तिकडे केलं. गाव खूश झालं, साहेबाला आपलं कळतं म्हणालं. मग कागदाची दुसरी घडी उघडली. ईशान्य कोपऱ्यात, अगदी नेमका तिथेच, साहेबांनी संडास काढला होता! पाण्याची टाकी त्या अंगाला उंचावर होती आणि नळ आणायला सोपं जाणार होतं. त्यांनी एवढाच विचार केला होता.

माझा मुख्य गवंडी राइनिसुआ. बुटका, कमी बोलणारा, डाव्या हाताची करंगळी अर्धी. विटांच्या बैलगाडीच्या चाकात ती गेली होती. पंचक्रोशीत पहिली वीट बसवायचा मान त्याच्या घराण्याचा. त्याने तो कागद पाहिला आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी खांद्यावर पांढरी शाल घेऊन, डोक्यावरची टोपी काढून तो साहेबांपुढे उभा राहिला.

आता इथे आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. मोठ्या माणसाला 'तुमचं चुकलं' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. तो असभ्यपणा. त्यासाठी काबारी करतात, म्हणजे रीतसर भाषण. आधी बोलायला उभं राहिल्याबद्दल माफी मागायची, मग आपल्याहून थोर माणसं इथे असताना आपण बोलतोय याबद्दल माफी मागायची, मग समोरच्याचं कौतुक करायचं, आणि खरी गोष्ट मधे कुठेतरी अलगद ठेवून द्यायची, ऐकणाऱ्याने ती आपणहून उचलावी म्हणून. जितकी गोष्ट कडू, तितकं भाषण लांब.

राइनिसुआ भाताचं एक पातेलं शिजून होईल इतका वेळ बोलला. आजवर ऐकलेलं मी ते सगळ्यांत सुंदर भाषण. साहेबांच्या बुटांपासून त्यांच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचं कौतुक केलं. आणि मधे कुठेतरी म्हणाला, "सूर्य ज्या बाजूने घरात येतो, तिथे आमचे म्हातारे बसलेले असतात. ते काही बोलत नाहीत. पण मी विचार करतो, त्यांच्या बसायच्या जागी पाणी आलं, तर ते कुठे उठून जातील?"

गावचे म्हातारे माना डोलवत होते. याहून स्पष्ट कुणी काय बोलणार?

साहेबांनी दुभाष्या कारकुनाला विचारलं, "काय म्हणतोय?"

कारकून घाम पुसत म्हणाला, "साहेब, त्याला फार आनंद झालाय. आणि पाण्याची सोय होणार म्हणून तो आभार मानतोय."

मस्यू ब्रेसाँनी उठून राइनिसुआचा हात हातात घेतला आणि त्याला एक सिगारेट दिली.

एकदा केलेली काबारी पुन्हा करत नाहीत. तसं केलं तर समोरचा मूर्ख आहे असं म्हटल्यासारखं होतं. राइनिसुआने सिगारेट कानावर ठेवली आणि तो निघून गेला. मी तेव्हा कमरेइतका वर आलो होतो, मला बोलता आलं असतं तर ओरडलो असतो.

पण राइनिसुआला तोंडापेक्षा हात चांगला चालवता यायचा. पुढच्याच आठवड्यात साहेब सिमेंट बघायला राजधानीला गेले. त्या सहा दिवसांत राइनिसुआने ईशान्य कोपऱ्यात दक्षिणेकडून आलेले दोन मजूर घेतले, आणि कागदावरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला, हातभर जागा सोडून, आणखी एक भिंत उभी केली. बाहेरून बघणाऱ्याला कोपरा जिथल्या तिथे. आतून बघणाऱ्यालाही एक कोपरा दिसणारच. पण खरा कोपरा दोन भिंतींच्या मधे, कोरडा, स्वच्छ, बंद. नळाचं पाणी त्याला कधी शिवणार नव्हतं.

शेवटची वीट लावायच्या आधी त्याने खऱ्या कोपऱ्यात वाडवडिलांसाठी एक पांढरी थाळी ठेवली, थाळीत थोडे मणी ठेवले आणि ओल्या चुन्यावर आपला डावा हात दाबला. मग हळूच म्हणाला, "तुम्हाला माहीत आहे ना? मग झालं."

हे तो वाडवडिलांना म्हणाला की मला, ते मला आजवर कळलेलं नाही. मी ते मलाच म्हणाला असं धरून चालतो.

साहेब परत आले, बंगला पुरा झाल्यावर संडासात जाऊन बसले आणि त्यांचे गुडघे दाराला लागले. ते चरफडले, कागद काढून पाहिला, मापं पुन्हा घेतली नाहीत आणि आपलीच आकडेमोड चुकली असेल म्हणून गप्प बसले. स्वतःची चूक कबूल करण्यापेक्षा माणूस गुडघे आपटून घेईल, हे मी तेव्हाच शिकलो.

राइनिसुआ पावसाळ्यात तापाने गेला. ते दोघे मजूर कधीच आपल्या मुलखात परतले होते. त्याचा मुलगा सात वर्षांचा होता, त्याला कुणी काय सांगणार? कोपऱ्याची गोष्ट सांगणारं जिवंत माणूस उरलं नाही. उरलो मी, आणि मला तोंड नाही.

पुढे देश स्वतंत्र झाला. फ्रेंचांचा झेंडा उतरला, आपला चढला आणि मी अध्यक्षांचा बंगला झालो. काय थाट होता पहिल्या दिवशी! गॅलरीत फुलांच्या माळा, अंगणात वशिंडाचा झेबू बैल कापलेला, अख्खं गाव जेवायला. गावातली वडीलधारी मंडळी तेव्हा पहिल्यांदा माझ्या आत आली. आली, फिरली, आणि उत्तरेकडच्या बोळातून परत फिरताना सगळ्यांचे चेहरे पडलेले. वाडवडिलांच्या कोपऱ्यात संडास! आणि तोही राइनिसुआच्या हातचा!

तेव्हापासून या देशात जे काही बिनसलं ते माझ्या संडासामुळे. कुणी निवडणूक हरला, संडास. कुणाचं विमान धुक्यामुळे उतरलं नाही, संडास. भाताचं पीक बुडालं, पाहुणा राजदूत जिन्यावरून घसरला (नववी पायरी, दुसरं कोण?), तरी संडासच. एक अध्यक्ष त्या दाराला खिळे ठोकून गेले. दुसऱ्यांनी खिळे काढले, पण स्वतः छत्री घेऊन अंगण ओलांडत पहारेकऱ्यांच्या संडासात जायचे, आणि पहारेकरी बिचारे त्यांना सलाम ठोकायचे की पाठ फिरवायची, अशा पेचात. एकांच्या पत्नीने तिथे फुलदाण्या ठेवून ती 'फुलांची खोली' करून टाकली. पण जे जे त्या खोलीत बसले, त्यांतल्या प्रत्येकाचे गुडघे दाराला लागले आणि प्रत्येक जण फ्रेंचांना शिव्या देऊन बाहेर आला. कुणी म्हणून माप घेतलं नाही.

मला माझं एवढं काही वाटत नव्हतं. मला राइनिसुआच्या घरच्यांचं वाटायचं. त्याचा मुलगा गवंडीच झाला, काकाकडून शिकला, हात बापासारखाच. पण पहिली वीट बसवायला त्याला कुणी बोलावलं नाही. कुंपणं बांध, कोंबड्यांची खुराडी बांध, भट्टी लाव, एवढंच. तो गेल्यावर त्याची मुलगी लालाऊ गवंडीकामाला लागली. ती आज चोपन्न वर्षांची आहे. तिच्याएवढी सरळ भिंत या मुलखात कुणी उभी करत नाही, हे तिचे शत्रूही सांगतात. पण घराची पहिली वीट बसवायची वेळ आली की तिला निरोप जात नाही. लोक तोंडावर गोड बोलतात, आमची रीतच ती, आणि पाठ फिरली की म्हणतात, "संडासवाल्यांची पोरगी."

माझ्या बागेची भिंत ती दर तीन वर्षांनी दुरुस्त करायची. काम करता करता त्या कोपऱ्याकडे तिने कधी मान वर करून पाहिलं नाही. तिच्या पाठीमागे चार हातांवर तिच्या आजोबाचा हात चुन्यात उमटलेला होता आणि मी तिला हाकसुद्धा मारू शकत नव्हतो.

अशी वर्षं गेली. आणि मग यंदाच्या थंडीत राजधानीहून तुलुत्रा नावाचा इंजिनियर आला. तरुण, चकचकीत बूट, कानाला फोन. सोबत आमच्या भागातले ज्योतिषी राझाफी. त्यांच्या वडिलांनीही मला अशुभ ठरवलं होतं, तेव्हा तो त्यांच्या घरचा धंदाच म्हणा. नवे अध्यक्ष शिकलेले, कोपऱ्याबिपऱ्यावर विश्वास नसलेले. पण त्यांच्या आईने सांगितलं होतं, की त्या घरात माझा मुलगा एक रात्र राहणार नाही. आईपुढे अध्यक्ष काय बोलणार? हुकूम निघाला: जुना बंगला पाडा, नवा बांधा.

माझा रखवालदार रात्सिंबा बेचाळीस वर्षं माझ्या चाव्या सांभाळतो आहे. पातेल्याच्या तळाशी करपलेल्या भाताच्या खरपुडीत उकळलेलं पाणी तो पेल्याने पीत होता. बातमी ऐकून त्याने पेला खाली ठेवला.

"साहेब, पाडायला बोलावणार कोणाला?" त्याने विचारलं. "जुन्या विटा वाचवायच्या म्हणता. असल्या घराला हात लावायला गावातला एकही गवंडी येणार नाही."

"ज्यांनी बांधलं त्यांनाच बोलवा की," राझाफी म्हणाले. "ज्यांनी केलं त्यांनी निस्तरावं."

असा निरोप लालाऊकडे गेला. ती दुसऱ्या दिवशी आली, हातोडी आणि छिन्नी पाठीवरच्या पिशवीत घालून. रात्सिंबाने फाटक उघडलं.

"नाही म्हणायचं होतंस, पोरी," तो म्हणाला.

"नाही म्हटलं असतं तर मशीन घालून पाडला असता, काका. विटांचा चुरा झाला असता. आजोबांच्या विटा आहेत. निदान अख्ख्या तरी काढते." मग म्हणाली, "आणि एकदाचा हा बंगला गेला, की नाव तरी जाईल."

हे तिचं बोलणं मला लागलं. पण तिचं काय चुकलं?

पाडायला गुरुवारची सकाळ काढली होती. अंगणात पिवळं मशीन धूर सोडत उभं होतं. लालाऊ काढता येतील तेवढ्या विटा काढून घेईल, मग उरलेलं मशीन पाडेल, असं ठरलेलं. राझाफी शाल पांघरून आले होते, गावातली म्हातारी मंडळी हिरवळीवर बसली होती. सुरुवात कोपऱ्यापासूनच करायची होती.

लालाऊची एक सवय आहे, तिच्या घराण्याचीच. भिंत पाडायच्या आधी ती बाहेरून आणि आतून मोजून घेते, म्हणजे किती विटा अख्ख्या निघतील याचा अंदाज येतो. तिच्याकडे एक दोरी आहे, विटेच्या लांबीवर गाठी मारलेली. तिने बाहेरून माझ्या उत्तरेच्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरली. एकोणीस गाठी. मग आत, संडासात गेली. खाली बसली तर तिचेही गुडघे दाराला लागले. तिने खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरली. बारा.

ती पुन्हा बाहेर आली. पुन्हा एकोणीस. पुन्हा आत. बारा.

"काका," तिने रात्सिंबाला हाक मारली, "ही भिंत दोन विटा जाड ना?"

"दोनच. का गं?"

"मग आत सतरा भरायला हव्यात. बाराच भरतायत. पाच विटा गेल्या कुठे?"

"तुझा आजोबा जेवून गेला असेल," रात्सिंबा म्हणाला. पण त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. "थांब. बेचाळीस वर्षं मी म्हणतोय या खोलीत माणूस मावत कसा नाही."

लालाऊने छिन्नीच्या दांड्याने भिंतीवर टकटक केलं. मी पोकळ वाजलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं होतं आणि मला उत्तर देता आलं होतं.

तिने गिलावा खरवडला, एक वीट सैल केली आणि हळूच ओढून काढली. नव्वद वर्षांनी त्या जागेत उजेड गेला. तिने दुसरी वीट काढली, तिसरी, आणि डोकं आत घातलं. बराच वेळ तिने डोकं बाहेर काढलं नाही.

"काय आहे?" रात्सिंबा विचारत होता. "साप आहे का? बोल की!"

"काका, राझाफींना बोलवा."

राझाफी आले, मागोमाग म्हातारी मंडळी. एकेकाने आत डोकावून पाहिलं. कोरडी ठणठणीत जागा. पांढरी थाळी, थाळीत मणी. आणि खऱ्या कोपऱ्यावर, चुन्यात उमटलेला हात, चार बोटं आणि अर्धी करंगळी. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने, ज्याच्या आईने राइनिसुआला पाहिलं होतं, आपली करंगळी मुडपून दाखवली.

लालाऊ जमिनीवर बसली. मला वाटलं ती रडेल. ती भिंतीवर ओरडली. "एक शब्द सांगून गेला असतात तर काय बिघडलं असतं, आजोबा? माझा बाप मरेपर्यंत खुराडी बांधत राहिला!"

ती रडली ती नंतर.

तुलुत्रा अंगणात फोनवर होता. राझाफी बाहेर आले, शाल सारखी केली आणि त्याच्यापुढे उभे राहिले. मला हायसं वाटलं. आता ते सांगतील की कोपरा स्वच्छ आहे, हे घर पाडायचं कारण नाही. सांगून मोकळे होतील.

पण राझाफी आमचेच. त्यांच्या वडिलांनी चूक केली होती, त्यांनी स्वतः चूक केली होती, आणि ती अध्यक्षांच्या माणसापुढे कबूल करायची होती. त्यांनी काबारी सुरू केली.

आधी बोलल्याबद्दल माफी. मग आपल्याहून थोर माणसं बसलेली असताना बोलल्याबद्दल माफी. मग इंजिनियरसाहेबांच्या शिक्षणाचं कौतुक, त्यांच्या आईवडिलांचं कौतुक, मशीनचंसुद्धा कौतुक. मला दरदरून घाम फुटला. विटांना घाम फुटत नसेल, पण मला फुटला. हे सगळं मी एकदा ऐकलं होतं. हेच अंगण, हीच शाल. राझाफी म्हणत होते, "कधी कधी आपण वाटेवरचा दगड हलवायला निघतो, आणि मग आपल्याला दिसतं की त्या दगडावर कुणीतरी बसलेलं आहे..." म्हातारी मंडळी माना डोलवत होती. याहून स्पष्ट कोण काय बोलणार?

तुलुत्रा राजधानीत वाढलेला. त्याने फोनवर हात ठेवला, आदराने दोनदा मान लववली. त्याला वाटलं, हा आशीर्वाद चालला आहे. लालाऊचं काम आटोपलं असेल असंही त्याला वाटलं असावं. त्याने घड्याळ पाहिलं आणि मशीनवाल्याकडे बघून हात वर केला.

मशीनचा दात उचलला गेला. माझी नववी पायरी आपोआप कुरकुरली. राझाफी बघत होते, पण सुरू झालेली काबारी मधे तोडता येत नाही. म्हातारी मंडळी बघत होती, पण बोलणाऱ्याच्या मधे बोलायचं नसतं. सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे सभ्यपणे बसून होते!

तेवढ्यात घराच्या कोपऱ्यावरून लालाऊ धावत आली, अंगभर चुना, केस सुटलेले. आणि वडीलधाऱ्याच्या काबारीच्या मधोमध, अख्ख्या गावासमोर, एक बाई ओरडली:

"पाडू नका! चूक तुमची आहे! थांबवा ते!"

असं बोलणं आमच्याकडे कुणी कधी ऐकलं नव्हतं. मशीनचा दात माझ्या भिंतीपासून दोन हातांवर अडला. तुलुत्राने फोन खिशात टाकला.

"कोणाची चूक? काय झालं?"

"कोपरा स्वच्छ आहे. माझ्या आजोबाने तो आत बंद केला होता. संडास कोपऱ्यात नाहीच. या, मोजून बघा." तिने दोरी पुढे धरली.

त्याने खरंच मोजलं. गुडघे आपटत मोजलं. एकोणीस आणि बारा. मग भिंतीतून आत पाहिलं आणि चकचकीत बूट काढून ठेवले.

बाहेर राझाफी अजून उभेच होते. लालाऊ त्यांच्यासमोर आली आणि खाली मान घालून म्हणाली, "माफ करा. तुमचं बोलणं तोडलं मी."

राझाफींनी शाल काढून घडी केली. "बाई," ते म्हणाले, "हे असं सरळ कुणीतरी याच अंगणात नव्वद वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं. माझ्या बापालाही कुणीतरी असंच सुनवायला हवं होतं, आणि मलाही." मग रात्सिंबाकडे वळून म्हणाले, "ते तुझं खरपुडीचं पाणी आहे का शिल्लक? घसा सुकलाय."

मशीन दुपारी टेकडी उतरून गेलं. त्याचा आवाज दूर जाताना ऐकत बसण्याएवढं सुख मी कुठल्या मेजवानीत अनुभवलं नाही. अध्यक्षांच्या आईला फोन गेला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "त्या गवंड्याच्या घरी कोण आहे आता?" पुढच्या महिन्यात त्या स्वतः येणार आहेत, मुलाला घेऊन. नवे पडदे लागलेत. नवव्या पायरीला मात्र कुणाला हात लावू देऊ नका, असं रात्सिंबाने सुताराला बजावून ठेवलं आहे.

आणि ऐका, सगळ्यांत महत्त्वाचं सांगायचं राहिलं. काल सकाळी राझाफी पुन्हा आले होते. लालाऊ कोपऱ्यात काम करत होती. ते दाराशी उभे राहिले, घसा खाकरला, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता भात शिजेपर्यंत सुटका नाही. पण ते म्हणाले, "माझ्या नातवाचं घर बांधतोय. पहिली वीट तू बसवायचीस. येशील?"

बस, एवढंच. पुढे-मागे एक माफी नाही.

लालाऊच्या हातात चुन्याची थापी होती. "येते की," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बराच वेळ एकच सांधा घोटत राहिली.

मग तिने काढलेल्या विटा जिथल्या तिथे परत बसवल्या. आजोबाचा कोपरा आजोबाला परत दिला. फक्त एक वीट तिने लावली नाही, डोळ्याच्या उंचीवर एक खिडकी सोडली. काम झाल्यावर त्या भोकाशी तोंड नेऊन ती हळूच म्हणाली, "आता सगळ्यांना माहीत आहे, आजोबा."

हे नक्की तिच्या आजोबांनाच होतं. मी तरीही हो म्हणालो.

तर माझं हे असं आहे. मी उभा आहे, आणि उभा राहणार आहे. कधी आंबुहिमेनाला आलात तर वर या. रात्सिंबा फाटक उघडेल. त्या खोलीत गेलात तर गुडघे सांभाळा, भोकातून तेवढा हात पाहून घ्या, आणि उतरताना बाजारातल्या म्हातारीला सांगा, की तो संडासवाला बंगला नाही. तो राइनिसुआने बांधलेला बंगला आहे.